कारगिल युद्धातील भूदल-हवाईदल मतभेद आणि वृत्तपत्रीय वाद : एक ऐतिहासिक विवेचन

स्वातंत्र्योत्तर भारताच्या लष्करी इतिहासात सेनादलांमधील आपसांतील मतभेद हा विषय दीर्घकाळ सरकारी दप्तरांतच बंदिस्त राहिला. १९९९ च्या कारगिल युद्धासंबंधीच्या वादाने मात्र तो वृत्तपत्रांच्या पानांवर आणला. या वादातील एक पक्ष मराठी होता, याची महाराष्ट्रात फारशी दखल घेतली गेली नाही.

वादाच्या मुळाशी हेलिकॉप्टरांचा प्रश्न होता आणि तो जुना होता. पेण-रोह्याच्या शेजारी अलिबाग येथे जन्मलेले जनरल अरुणकुमार वैद्य जानेवारी १९८६ मध्ये भूदलप्रमुखपदावरून निवृत्त झाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला भूदलाच्या स्वतंत्र विमानन दलाची स्थापना झाली. तथापि हल्ला करणारी हेलिकॉप्टरे हवाईदलाच्याच ताब्यात राहिली.

मे १९९९ च्या पूर्वार्धात भूदलाने हवाईदलाकडे सशस्त्र हेलिकॉप्टरांची मागणी केली. भूदलप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक त्या वेळी परदेश दौऱ्यावर होते. हवाईदलप्रमुख एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस यांच्या मते, हवाई शक्तीच्या वापराने संघर्षाची व्याप्ती वाढणार असल्याने त्यास राजकीय मंजुरी आवश्यक होती; शिवाय एवढ्या उंचीवर हेलिकॉप्टर हे सोपे लक्ष्य ठरले असते. नियंत्रण रेषा न ओलांडण्याच्या अटीवर २५ मे रोजी मंजुरी मिळाली व दुसऱ्या दिवशी हवाई हल्ले सुरू झाले. २८ मे रोजी एक एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले गेले, त्यातील चौघे मृत्युमुखी पडले आणि सशस्त्र हेलिकॉप्टरे हल्ल्यांतून मागे घेण्यात आली. टिपणीसांची शंका निराधार नव्हती, असे म्हणणे भाग आहे. परंतु शिखरांखाली उघड्यावर लढणाऱ्या तुकड्यांच्या दृष्टीने मधले दिवस फार महाग होते, हेही नाकारता येत नाही.

येथे १९६५ ची आठवण अपरिहार्य ठरते. १ सप्टेंबर रोजी जनरल चौधरी आणि एअर मार्शल अर्जनसिंग हे दोघेही संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्यासमोर उपस्थित होते आणि चव्हाणांनी काही मिनिटांतच हवाईदलाच्या वापरास अनुमती दिली. १९९९ मध्ये अडचण केवळ मंत्र्यांच्या सावधपणाची नव्हती. दोन्ही दलांचे आधी आपसांतच एकमत झालेले नव्हते.

युद्धकाळात हे बाहेर दिसले नाही. दिल्लीत परराष्ट्र मंत्रालय, भूदल व हवाईदल यांचे अधिकारी पत्रकारांसमोर एकत्र बसत. भूदलाची बाजू मांडणारे कर्नल बिक्रमसिंग पुढे स्वतः भूदलप्रमुख झाले. मतभेद उफाळले ते २००६ मध्ये. त्या वर्षी मलिक यांचे कारगिलविषयक पुस्तक प्रसिद्ध झाले आणि टिपणीसांनी 'फोर्स' या मासिकात आपली बाजू लिहिली. भूदलाने परिस्थितीचे गांभीर्य वेळीच सरकारपुढे मांडले नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. दोघेही निवृत्त, दोघेही आपापल्या दलाचे कैवारी. त्यामुळे ही साधने अभ्यासकाने परस्परांशी ताडूनच वापरली पाहिजेत.

२०१२ मध्ये पुढील हल्ला-हेलिकॉप्टरे भूदलाला देण्याचा निर्णय झाला. जुलै २०२१ मध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल रावत यांनी हवाईदलास साहाय्यक दल म्हटले, तेव्हा एअर चीफ मार्शल भदौरिया यांनी त्याच दिवशी जाहीरपणे असहमती दर्शविली. ऑगस्ट २०२५ मध्ये महू येथे हवाईदलप्रमुख अमरप्रीत सिंग यांनी एकत्रित युद्धक्षेत्रीय कमांडची घाई करू नये, असे उघडपणे सांगितले.