मुंबई ते लंडन : अंतर तेच, काळ वेगळा

१/ आमच्या मिरजगावहून एसटीने मुंबई गाठायची, तर सारा दिवस मोडतो. मुंबईहून लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० कि.मी. दूर, थेट विमान तेथे नऊ-दहा तासांत पोहोचते. मात्र याच अंतराने एकेकाळी एका मराठी राज्याच्या न्यायाची वाट अडवली होती. त्याविषयी हा धागा. 🧵

२/ १८३९ साली कंपनी सरकारने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना पदच्युत करून काशीस पाठवले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते १८४० मध्ये लंडनला पोहोचले, आणि परतले ते थेट १८५३ च्या अखेरीस.

३/ त्या काळी आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजाला चार ते सहा महिने लागत. १८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली आणि इजिप्तचा मार्ग खुला झाला. तरीही पत्राला महिन्याहून अधिक काळ लागे. उत्तरासाठी तितकाच काळ पुन्हा.

४/ ऑक्टोबर १८४७ मध्ये प्रतापसिंह महाराज काशी येथे निवर्तले. ज्यांच्यासाठी लढायचे तेच हयात नाहीत, ही वार्ता समुद्रावर असताना त्यांचा वकील लंडनमध्ये त्यांचीच बाजू मांडत होता. पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, डलहौसीने दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्य खालसा केले.

५/ निर्णय लंडनमध्ये, परिणाम साताऱ्यात. दाद मागणाऱ्याने मात्र समुद्र ओलांडावा, परदेशात कर्ज काढून राहावे आणि टपालाची वाट पाहावी. अंतर हे सत्तेच्या हातातील शस्त्रच होते.

६/ १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि बोटीचा प्रवास काही आठवड्यांवर आला. १८७० मध्ये समुद्री तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. संदेश आता माणसाच्या पुढे धावू लागला. पण तो परवडणारे थोडेच होते.

७/ १९२९ मध्ये लंडन-कराची हवाई टपाल सुरू झाले : सात दिवस. कराचीच्या पुढचा दुवा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी जोडला. त्या दिवशी ते ‘पस मॉथ’ विमानातून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले.

८/ सातारा खालसा झाल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघाले. ३५ प्रवासी, कैरो व जिनिव्हा हे थांबे, एकूण सुमारे आठ हजार कि.मी. १० जूनला विमान लंडनला पोहोचले. रंगो बापूजींच्या काळातील महिने आता दिवसांवर आले होते.

९/ मग अंतराचा प्रश्न कायमचा सुटला का? नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले; ते जुलैपर्यंत पूर्ण खुले झाले नाही. २०२२ पासून युक्रेनचेही आकाश बंद झाले. नकाशावरील रेघ तीच राहिली. विमाने मात्र वळसा घेऊ लागली.

१०/ म्हणून मित्रहो, इतिहासात दोन ठिकाणांमधील अंतर वाचाल, तेव्हा केवळ किलोमीटर पाहू नका. तेथवर बातमी किती दिवसांत पोहोचे आणि वाट कोणाच्या ताब्यात होती, हेही विचारा. रंगो बापूजींची तेरा वर्षे नकाशावर दिसत नाहीत. (समाप्त)