तलवार कुणासाठी?

स्मशानातली रात्र, खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार. विक्रम-वेताळाचं हे चित्र ‘चांदोबा’ मासिक वाचलेल्या कुणालाही आठवेल. ते मद्रासच्या के. सी. शिवशंकरन, म्हणजे ‘शंकर’ यांचं. मराठी ‘चांदोबा’ 1952 साली निघाला. आमच्या घरी जुने अंक बांधून ठेवलेले होते आणि ते पान आलं की मी वेताळ तळव्याखाली झाकायचो.

आजी वेंगुर्ल्याकडची. तिला अक्षरओळख नव्हती, पण चित्र ती फार निरखून बघायची. म्हणायची, “तेका भियतस कित्याक? राखणदार मां तो!” तिच्या मुलखात आरवलीचा वेतोबा, म्हणजे वेताळच, रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून लोक त्याला कातडी वहाणा वाहतात. त्या झिजतात, असं ती सांगे. गावासाठी जो वहाणा झिजवतो त्याचं भय कसलं? मग तिचं बोट तलवारीवर जायचं. ही खांद्यावरच्यासाठी असती तर राजा त्याला असा सांभाळून नेता का? तलवार ते प्रेत आणायला धाडणाऱ्या जोग्यासाठी. गोष्टीचा शेवट तिने लहानपणी ऐकलेला होता.

पुढे तोच शेवट सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त भेटला. अकराव्या शतकातल्या त्या काश्मिरी ग्रंथात विक्रमाच्या जागी राजा त्रिविक्रमसेन आहे, आणि त्याचं प्रतिष्ठान गोदावरीकाठी, म्हणजे आपलं पैठण. क्षांतिशील नावाचा भिक्षू त्याला रोज एक फळ देतो. फळांत रत्नं निघतात. त्या उपकारात बांधलेल्या राजाला तो झाडावरचं प्रेत आणायला धाडतो. प्रेतातला वेताळ वाटेत गोष्ट सांगून प्रश्न घालतो, राजा बोलला की झाडावर परततो. चोविसाव्या प्रश्नाला राजा निरुत्तर होतो, मुकाट चालत राहतो, आणि प्रसन्न झालेला वेताळच त्याला सावध करतो: भिक्षू साष्टांग नमस्कार घाल म्हणेल, तेव्हा आधी त्यालाच घालून दाखवायला सांग. राजा तसंच करतो. तलवार पडते ती भिक्षूच्या मानेवर.

म्हणजे चित्रात जे भीषण दिसतं त्यापासून राजाला धोका नाही. जिवावर उठलेला माणूस चौकटीबाहेर वाट बघत बसलाय.

मासिकात हा शेवट येत नसे. मूळ गोष्टी संपल्यावर नव्या रचून सदर कित्येक वर्षं चाललं. दर महिन्याला राजा बोलायचा, वेताळ झाडावर परतायचा. शंकर 2020 साली गेले, 2021मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांच्या वाट्याला गोष्टीचा फक्त मधला रस्ता आला होता. त्या रस्त्यावरही त्यांनी तलवार म्यानात जाऊ दिली नाही, याचं मला फार मोल वाटतं.