टॉप स्टेशन

टॉप स्टेशन : दक्षिण सह्याद्रीतील प्रेक्षणीय कडा. केरळ व तमिळनाडूच्या सीमेवर, तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात. मात्र तिथे जाण्याची रुळलेली वाट केरळातील मुन्नारहून आहे. अंतर सुमारे ३२ किमी. मट्टुपेट्टी व कुंडला हे जलाशय आणि चहाचे मळे मागे टाकत रस्ता चढतो आणि कड्याशी पूर्वेची कोट्टागुडी दरी एकदम उघडी होते. प्रवासवर्णनांतून या जागेची ओळख ‘निसर्गाचे वरदान’ अशी करून दिली जाते. ती अपुरी आहे. टॉप स्टेशन हे मुळात मालवाहतुकीचे ठाणे होते, आणि तिथून दिसणारा देखावा गेल्या दीडशे वर्षांतील जमीनव्यवहार, श्रम व कायदे यांनी घडवला आहे. तसा पाहिला तरच तो नीट कळतो.

१८७७ साली जॉन डॅनियल मन्रो याने पूंजारच्या संस्थानिकाकडून मुन्नारभोवतीच्या कण्णन देवन टेकड्या पट्ट्याने घेतल्या. १८८० च्या सुमारास ए. एच. शार्प याने पार्वती मळ्यात चहा लावला. चहा पिकू लागला, पण डोंगरातून बंदरावर न्यायचा कसा, हा खरा पेच होता. १९०२ मध्ये मुन्नारपासून या कड्यापर्यंत एकेरी रुळाची, बैलांनी ओढायची गाडी सुरू झाली. १९०८ मध्ये तिच्या जागी दोन फुटी रुळांची वाफेची रेल्वे आली. रूळ कड्याशी संपत. तिथून चहाच्या पेट्या रज्जुमार्गाने सुमारे पाच किमी खाली कोट्टागुडीला, पुढे बैलगाडीने बोडीनायकनूरला आणि अखेर तुतिकोरिन बंदरातून विलायतेला जात. माथेरानची छोटी रेल्वे याच सुमाराची, १९०७ सालची. पण ती हवा खायला निघालेल्या माणसांसाठी होती. इथे गाडी चहासाठी होती. १९२४ च्या महापुरात, ज्याला केरळात मल्याळी सनावरून ‘९९ चा पूर’ म्हणतात, ही रेल्वे वाहून गेली, ती पुन्हा बांधली गेली नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की रूळ गेले, रज्जुमार्गाचे थोडे अवशेष उरले, मग आजच्या प्रवाशाला त्या इतिहासाचे काय? परंतु तो ज्या हिरव्या उतारांचे छायाचित्र घेतो, तेच त्या वाहतुकीचे फलित आहेत. चहाचे झाड मोकळे सोडले तर चांगले उंच वाढते. कमरेइतकी सपाट झुडपे दिसतात ती सततच्या छाटणीमुळे आणि खुडणीमुळे. मधूनमधून उभे असलेले सिल्व्हर ओक सावलीसाठी लावलेले आहेत आणि निलगिरीची बने प्रामुख्याने चहा वाळवण्याच्या सरपणासाठी. दोन्ही झाडे मूळची ऑस्ट्रेलियाची. खुडणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया तमिळ मजुरांच्या वंशातील, मळ्यांच्या ‘लाइनीं’त, म्हणजे मजुरांच्या चाळींत, राहणाऱ्या. सप्टेंबर २०१५ मध्ये याच स्त्रियांनी प्रस्थापित कामगार संघटनांना बाजूला सारून ‘पेंबिळै ओरुमै’ (स्त्रियांची एकजूट) या नावाने बोनस व मजुरीसाठी मुन्नारचा रस्ता अडवला, तेव्हा या हिरवाईमागचे कष्ट साऱ्या देशाला दिसले. मळ्याचे सौंदर्य सांगायचे आणि ते रोज घडवणाऱ्या हातांविषयी गप्प राहायचे, हे कोशाला तरी शोभत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मळे माणसाने केले हे खरे, पण समोरची रानदरी तर कोणी लावलेली नाही. ती लावलेली नाही. तिला वगळले गेले आहे, आणि वगळणे हाही निर्णयच असतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस पश्चिम उतारावर रिता होतो. पूर्वेकडचा उतार पर्जन्यछायेत येतो आणि त्याला मुख्यतः ईशान्य मोसमी पावसाचा आधार असतो. तीव्र चढ आणि उन्हाळ्यात वाळणारे गवत यांमुळे तिथे मळ्यांचा विस्तार झाला नाही. हे कोरडेपण किती घातक ठरते, ते मार्च २०१८ मध्ये याच बाजूच्या कुरंगणीच्या डोंगरावरील वणव्याने दाखवले. त्यात वीसहून अधिक पदभ्रमण करणारे दगावले. राखलेल्या रानाचीही तीच कथा आहे. १९७१ च्या कायद्याने केरळ सरकारने कण्णन देवन टेकड्यांतील जमिनी परत घेतल्या. पूर्वी मळेवाल्यांचे शिकारक्षेत्र असलेले इरविकुलम १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. टॉप स्टेशनच्या वाटेलगतच्या पांपाडुम शोला रानाला तो दर्जा २००३ मध्ये मिळाला.

नीलकुरिंजीबाबत तरी माणसाचा हात नाही, असे वाटणे साहजिक आहे. सह्याद्रीतील कारवीच्याच कुळातले हे झुडूप बारा वर्षांतून एकदा फुलते; १९९४, २००६ व २०१८ ही त्याची मोठ्या बहराची वर्षे. फुलण्याचा काळ वनस्पती ठरवते, हे मान्यच. पण ती वाढते शोला, म्हणजे डोंगरघळींतील सदाहरित, रानांभोवतीच्या उघड्या गवताळ माळांवर, आणि त्यांतले बरेच माळ चहा, निलगिरी व वॅटल (परदेशी बाभूळ) यांच्या लागवडीखाली गेले. म्हणून कुठला डोंगर निळा होणार, हे लागवडीच्या जुन्या नकाशांवरही अवलंबून असते. उरलेल्या माळांसाठी २००६ मध्ये कुरिंजीमला अभयारण्य जाहीर झाले, पण त्याच्या सीमा आणि आतील जमिनींवरचे हक्क यांवरून वाद होत राहिले. पुढचा बहर २०३० मध्ये अपेक्षित आहे.