लुथरन मतैक्य व सहभागिता

ऑग्जबर्ग मतांगीकार मानणाऱ्या लुथरन मंडळ्यांनी सिद्धांतांवरील एकमताच्या आधारे जोडलेले प्रभुभोजनाचे व प्रवचनपीठाचे नाते. उगम : मतांगीकाराचे (१५३०) सातवे कलम. शुभवर्तमानाची शिकवण व संस्कारविधी यांवरील एकमत ऐक्यास पुरेसे. मानवी रूढी सर्वत्र सारख्या असण्याची गरज नाही. 'पुरेसे' याच शब्दावर खरा मतभेद आहे. काटेकोर मंडळ्या त्याचा अर्थ संपूर्ण सिद्धांतावरील एकमत असा घेतात. म्हणून भिन्नमतीयांस सहसा प्रभुभोजन देत नाहीत (पहा : प्रभुभोजन). भारतात ही भूमिका मिसूरी सिनड या काटेकोर लुथरन मंडळीच्या मिशनऱ्यांनी १८९५ मध्ये तमिळ प्रदेशात आणली. मराठी प्रदेशातील नाशिकची जुनी प्रॉटेस्टंट परंपरा मात्र लुथरन नव्हे, तर चर्च मिशनरी सोसायटीची, म्हणजे अँग्लिकन. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चांच्या विलीनीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. नाशिक हा त्याचा धर्मप्रांत आहे. त्या सहांत लुथरन चर्च नव्हते.