पेण-रोहा आणि स्थानिक रेडिओ : कक्षा, परवाना व आवाज

प्रस्तावना

महाराष्ट्रातील नभोवाणीचा इतिहास बहुधा मोठ्या शहरांतील केंद्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्या केंद्रांच्या छायेतील लहान गावांचा विचार त्यात अभावानेच आढळतो. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा ही गावे समोर ठेवून ‘स्थानिक रेडिओ’ या संकल्पनेचा अर्थ कसा बदलत गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मुंबई केंद्राची कक्षा

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. दीड किलोवॅट क्षमतेच्या तेथील प्रक्षेपकाची कक्षा सुमारे ४८ किलोमीटर मानली जाई. नकाशावर सरळ रेषेत मोजल्यास या वर्तुळात पेण येते, रोहा मात्र बाहेर राहते. अर्थात पेणचा हा लाभ बराचसा कागदावरचाच होता. संच महाग, त्यावर वार्षिक परवान्याचे १० रुपये. त्यामुळे कंपनीच्या जेमतेम तीन वर्षांच्या आयुष्यात देशभरातील परवान्यांची संख्या ८,००० पर्यंतही पोहोचली नाही. १९३० मध्ये कंपनी बुडाली, प्रसारण सरकारकडे गेले आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. पुढे प्रक्षेपकांची शक्ती वाढली, रोहाही कक्षेत आले. परंतु कक्षेत येणे म्हणजे ऐकू शकणे, बोलू शकणे नव्हे.

शासकीय विकेंद्रीकरण

१९७७ मध्ये रत्नागिरीस आकाशवाणी केंद्र सुरू झाले. ३० ऑक्टोबर १९८४ रोजी तमिळनाडूतील नागरकोईल येथे आकाशवाणीचे पहिले ‘स्थानिक केंद्र’ उभे राहिले. या टप्प्यात बोली, लोकगीते व शेतीविषयक कार्यक्रमांना परिसरातच जागा मिळाली, ही मोठीच उपलब्धी होय. तथापि नियुक्त्या व धोरण दिल्लीचेच राहिले. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला आणि मालकीचा प्रश्न प्रथमच ऐरणीवर आला.

म्हसवडचा प्रयोग

केंद्र सरकारने डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना, तर नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओची मुभा दिली. त्यानुसार २००८ मध्ये सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवड येथे, ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र माणदेशी फाउंडेशनने सुरू केले. येथे गावातील स्त्रियाच निवेदक व कलावंत झाल्या. १९२७ च्या मुंबई केंद्राच्या तुलनेत या प्रकारच्या केंद्राची शक्ती नगण्य असते. कक्षा पाच-दहा किलोमीटरची. परंतु ऐकणारा आणि बोलणारा एकाच बाजारपेठेतला, हे त्याचे खरे वेगळेपण.

बोलण्याची मर्यादा

याच २००८ सालच्या २१ सप्टेंबरला पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत प्रस्तावित विशेष आर्थिक क्षेत्राबाबत शेतकऱ्यांचे जनमत घेण्यात आले. त्या वेळी पेणला सामुदायिक केंद्र असते तर? २००६ च्या धोरणानुसार बातम्या व चालू घडामोडींवरील कार्यक्रमांना मनाई होती. मतदानाची वेळ कदाचित सांगता आली असती. जमीन द्यावी की न द्यावी, ही चर्चा ऐकवणे मात्र कठीण झाले असते. गावाच्या दृष्टीने सर्वांत स्थानिक असलेला प्रश्नच स्थानिक रेडिओच्या कक्षेबाहेर राहतो, हा या व्यवस्थेतील मूलभूत अंतर्विरोध होय.

तरीही अशा केंद्राचे मोल कमी होत नाही. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात रायगडच्या अनेक भागांत वीज व मोबाइल सेवा कोलमडल्या. अशा प्रसंगी जनित्रावर चालणारा लहान प्रक्षेपक आणि घरातील बॅटरीचा संच हाच गावाचा आधार ठरू शकतो.

समारोप

सारांश, पहिल्या टप्प्यात ‘स्थानिक’ म्हणजे कक्षेत असणे, दुसऱ्यात स्थानिक कार्यक्रम मिळणे आणि तिसऱ्यात स्वतः बोलणे असा अर्थ होत गेला. आपल्या प्रश्नांवर बोलणे हा चौथा टप्पा मात्र अद्याप अपुराच आहे. शिक्षणसंस्थांना परवान्याची वाट प्रथम खुली झाली असल्याने या बाबतीत महाविद्यालयांची जबाबदारी विशेष आहे. आगरी, कोळी व कातकरी समाजांच्या बोली आणि स्मृती यांचे ध्वनिमुद्रण करण्यास तर परवान्याचीही गरज नाही. उद्याच्या केंद्राचा तोच पाया ठरेल.