फडाचे नाव आणि फडाचा ऐवज : नारायणगावकर परंपरेविषयीचा रसिकांचा वाद

श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे गाव शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी आसपासच्या जिल्ह्यांत परिचित आहे. दौंड–मनमाड लोहमार्ग या गावावरून जातो. घोड व कुकडी यांच्या कालव्यांचे पाणी तालुक्यात खेळू लागल्यापासून पूर्वीच्या जिराईत शिवाराचा बराच भाग उसाखाली आला. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाला 'फड' हा शब्द तीन अर्थांनी नित्य कानी पडतो : उसाचा फड, कुस्त्यांचा फड आणि तमाशाचा फड. तिन्ही अर्थांच्या मुळाशी एकच कल्पना आहे. ठरावीक मुदतीसाठी माणसे एकत्र येतात, काम किंवा खेळ उभा राहतो आणि मुदत संपताच सारे पांगतात. म्हणूनच फड लागतो, फड रंगतो आणि फड मोडतो, असे वाक्प्रचार भाषेत रूढ झाले. 'फड टिकतो' असे मात्र सहसा कोणी म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या तमाशा फडांविषयी रसिकांत जो वाद होतो, त्याचे बीज या शब्दार्थातच दडलेले आहे.

वादाचे स्वरूप सर्वपरिचित आहे. चैत्रातील यात्रेत कनातीबाहेर, बाजारच्या दिवशी चहाच्या दुकानात किंवा एसटीच्या थांब्यावर तमाशाचा विषय निघाला की जुना श्रोता म्हणतो, हा पूर्वीचा फड राहिला नाही. त्यावर तरुण श्रोता विचारतो, मग कनात भरते कशी? बैलाचे दात पाहून वय सांगणारा माणूस ज्या ठामपणाने बोलतो, त्याच ठामपणाने फडाचा उतार कोणत्या सालापासून सुरू झाला हेही तो सांगत असतो. प्रत्येकाचे साल निराळे असते. आणि बहुधा ते सांगणाऱ्याच्या विशीच्या शेवटाशी जुळते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

नारायणगावकरांचा फड हे या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण होय. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाचे पेठेचे ठिकाण. गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या तेथे लागतात आणि गावोगावचे पंच येऊन यात्रेची सुपारी ठरवतात. श्रीगोंद्याकडे जाणारे कुकडीचे पाणीही त्याच तालुक्यातून निघते. या गावातील नारायण खुडे यांच्या घराण्यात तमाशाची परंपरा सुरू झाली. पुढे त्यांच्या मुलांच्या नावाने 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' हा फड गाजला. भाऊंची कन्या विठाबाई यांचा जन्म १९३५ साली पंढरपूर येथे झाला. नृत्य, गायन आणि अभिनय या तिन्ही अंगांत त्यांनी जे प्रभुत्व मिळवले, त्यामुळे फडाचे नावच 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर' असे झाले. १९५७ व १९९० या दोन्ही वर्षी त्यांना राष्ट्रपतिपदक मिळाले. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने तमाशातील जीवनगौरव पुरस्कारास त्यांचे नाव दिले. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतंत्र फड उभारला आणि त्यांचे पुत्र नितीनकुमार यांचे नाव फलकावर आईच्या नावाशेजारी आले. नारायणगावकर हे नाव लावणारी दुसरी शाखाही पुढे चालू राहिली.

या नावांची मालिका नीट वाचली पाहिजे. पहिल्या फलकावर दोन भावांची नावे, जात आणि गाव आहे. दुसऱ्या फलकावर स्त्रीचे नाव अग्रभागी येते, पण पित्याचे नाव आणि जातिवाचक शब्द कायम राहतो. तिसऱ्या फलकावर सासरचे आडनाव, सासरच्या गावावरून 'करवडीकर' ही उपाधी आणि 'सह' या अव्ययाने जोडलेला पुत्र दिसतो. शिवाय शेवटी 'लोकनाट्य तमाशा मंडळ' ही शब्दावली असते. संगमनेरशी निगडित असलेल्या खेडकर घराण्याच्या फलकावरही हेच 'सह' आढळते. तुकाराम खेडकर १९६४ साली निवर्तल्यानंतर कांताबाई सातारकर यांनी फड उभा केला आणि पुढे तो 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर' या नावाने चालला. पुत्राचे नाव आधी, मातेचे नंतर. व्याकरणदृष्ट्या 'सह' हे क्षुल्लक अव्यय. परंतु तमाशाच्या फलकावर ते वारसापत्राचे काम करते. जुन्या नावाची पुण्याई सोडायची नाही आणि नव्या नावाला जागा तर करून द्यायची, अशी दुहेरी अडचण त्या दोन अक्षरांनी सोडवली आहे.

नावाच्या हक्काचा हा प्रश्न केवळ मराठी मुलखापुरता नाही. इंग्लंडमधील 'पिंक फ्लॉइड' या रॉक वाद्यवृंदातून १९८५ साली रॉजर वॉटर्स बाहेर पडले तेव्हा उरलेल्यांनी ते नाव वापरावे की नाही, हा तंटा वकिलांपर्यंत गेला, आणि श्रोत्यांत तर तो अद्याप मिटलेला नाही. फरक इतकाच की, तेथे तंटा सहकाऱ्यांत होता. येथे आई आणि मुलगी, बाप आणि मुलगा यांच्यामध्ये तो घरातच विरघळतो आणि मग रसिकांच्या तोंडून बाहेर पडतो.

आता 'पूर्वीचा फड' म्हणजे कोणता, हे पाहू. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि वग अशी जी मांडणी आज परंपरा म्हणून सांगितली जाते, तिच्यातील वग हे अंग काळाच्या दृष्टीने बरेच अलीकडचे आहे. उमा बाबू सावळजकर यांचा 'मोहना बटाव' हा पहिला वग मानला जातो आणि त्याचे साल १८६५ असे दिले जाते. त्यापूर्वीच्या श्रोत्यास वग ही नवलाईच वाटली असणार. स्त्रीच्या भूमिका पूर्वी नाच्या पोऱ्या करीत असे. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या फडात संगमनेर तालुक्यातील हिवरगावची पवळा उभी राहिली, तेव्हा तीही नवलाईच होती. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली आणि नंतर संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती उठवली. तोवर ज्याला संहिताच नव्हती, त्या खेळाला कागदावर यावे लागले. याच काळात 'लोकनाट्य' हा शब्द प्रतिष्ठा पावला. अण्णाभाऊ साठे, शाहीर साबळे, सेवादलाचे कलापथक यांनी तमाशाचा बाज घेऊन नवे खेळ रचले. १९६५ साली वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' दादा कोंडके यांच्यासह रंगभूमीवर आले आणि शहरातील प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. फडांनीही 'लोकनाट्य' हा शब्द फलकावर घेतला. मात्र 'तमाशा' हा शब्द टाकला नाही. दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवणारे 'लोकनाट्य तमाशा' हे विचित्र पद त्यातून तयार झाले. पहिल्या शब्दाने सरकारदरबारी मान मिळावा आणि दुसऱ्याने तिकीट खपावे, अशी ही वाटणी दिसते.

चित्रपटाने केलेला बदल याहून खोल गेला. 'राम जोशी' (१९४७), 'सांगत्ये ऐका' (१९५९), 'पिंजरा' (१९७२) आणि अलीकडचा 'नटरंग' (२०१०) या चित्रपटांनी तमाशाची जी प्रतिमा निर्माण केली, तिच्या केंद्रस्थानी लावणी आहे, वग नाही. परिणामी फडातही लावणीचा अंश वाढला, पुढे चित्रपटगीते आली, ढोलकीच्या जोडीला विजेवरची वाद्ये आली. जुन्या श्रोत्यांचा मुख्य आक्षेप येथे आहे आणि तो निराधार नाही. ढोलकी आणि हलगी यांची जुगलबंदी ऐकलेल्या कानास ठरावीक ठेक्याचे यंत्र रुचणे कठीणच. परंतु या आक्षेपात एक अन्यायही आहे. फड ही शंभराच्या आसपास माणसांची, मालमोटारींची, तंबूची आणि स्वयंपाकघराची फिरती वस्ती आहे. दसऱ्याला बाहेर पडून बुद्धपौर्णिमेच्या सुमारास ती परतते. उरलेल्या महिन्यांचे पोट आणि पुढच्या हंगामाची उचल याच कमाईवर चालायची. या वस्तीतील बहुसंख्य कलावंत ज्या समाजांतून आले, त्यांना गावाने टाळ्या दिल्या, पण गावात जागा दिली नाही. २०२० व २०२१ असे लागोपाठ दोन हंगाम महामारीत बुडाले तेव्हा ही वस्ती किती निराधार आहे, ते सर्वांनाच दिसले. तेव्हा चित्रपटगीत गायिल्याचा दोष फडमालकिणीच्या पदरात घालणाऱ्याने आधी कनातीच्या दाराशी उभे राहून तिकिटे विकून पाहावीत.

तिसरे एक कारण असे की ज्याची चर्चा रसिक क्वचितच करतात. जुना तमाशा रात्र जागवणारा होता. गणाला रात्र चढलेली असे आणि वगाचा शेवट होताना तांबडे फुटे. यात्रेत तर दुसऱ्या दिवशी 'हजेरी' होई आणि तेथे फर्माइशीची गाणी चालत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकास मनाई केली. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, तेवढीच. नियमाचा हेतू योग्य आहे. परंतु रचनेचा विचार केला तर दिसते की कात्री लागली ती शेवटच्या अंगाला. गण आणि गौळण आरंभी असल्यामुळे त्या वाचल्या. गाणी लोकांना हवी असल्यामुळे राहिली. वग मागे असल्यामुळे आखडला. जुना श्रोता ज्याला रुचीचा ऱ्हास म्हणतो, त्यातील काही भाग हा केवळ घड्याळाचा परिणाम होय.

भाषेच्या अभ्यासकाला या वादात लक्ष घालावेसे वाटते ते याच ठिकाणी. वग हा लिहिलेल्या संवादांचा खेळ नव्हता. सरदाराने कथासूत्र सांगावे, पात्रांनी प्रसंग वाटून घ्यावे आणि बोलणे जागच्या जागी उभे राहावे, अशी त्याची रीत होती. कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे बंधू 'जहरी प्याला' या वगात वर्षानुवर्षे उभे राहिले. दादू इंदुरीकरांचे 'गाढवाचं लग्न' असेच गाजले. पण एकाच वगाचे दोन रात्रींचे बोलणे कधी एक नव्हते. ज्या गावात खेळ, त्या गावच्या पाटलाचे, पाण्याचे, बाजारभावाचे उल्लेख सोंगाड्याच्या तोंडी यायचे. काष्टीत बैलाच्या दावणीवरून निघालेला विनोद जुन्नरात द्राक्षाच्या मांडवाखाली जायचा. त्यामुळे सोंगाड्यास अनेक बोलींचे हेल, अनेक धंद्यांचे शब्द आणि त्या त्या भागातील शिव्यांची मर्यादाही ठाऊक असावी लागे. हजरजबाबाची ही मराठी छापील ग्रंथांत सापडत नाही. कोशांनीही तिचा थोडाच भाग टिपला आहे.

याचा पुरावा रसिकांच्या आठवणींतच मिळतो. विठाबाईंविषयी विचारले असता बहुतेक जण एकच प्रसंग सांगतात : दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा येताच पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या आणि दगडाने नाळ तोडून पुन्हा बोर्डावर येण्यास सिद्ध झाल्या. १९६२ च्या चीनच्या युद्धकाळात जवानांपुढे केलेल्या खेळांचाही उल्लेख होतो. पण त्या वगात काय बोलल्या, समोरच्या पात्राला त्यांनी कसे निरुत्तर केले, हे सांगणारा श्रोता दुर्मीळ. गाणे चालीमुळे लक्षात राहते, प्रसंग करुण असल्यामुळे राहतो. बोललेले गद्य मात्र त्या रात्रीबरोबर जाते. म्हणून 'पूर्वीचा फड' म्हणून ज्याचा दाखला दिला जातो, तो फड बहुतांशी गाण्यांचा आणि आख्यायिकांचाच आहे. वग गेल्याची खंत करणारा रसिकही वगाबाहेरच्याच गोष्टी आठवत असतो. त्याची खंत त्यामुळे खोटी ठरत नाही. काय गेले हे त्याला नेमके सांगता येत नाही, इतकेच; आणि ते सांगता येत नाही याचे कारण गेलेली वस्तू कोणी लिहून ठेवलेली नव्हती.

तरुण श्रोत्याची बाजूही येथे तपासून पाहावी. नाव चालू आहे, घराणे चालू आहे, कनात भरते, एवढ्यावरून फड तोच आहे असे तो म्हणतो. नावाचा दाखला खरा आहे. नारायणगावकरांच्या बाबतीत तर तो चार पिढ्यांचा आहे. परंतु फडाचा ऐवज रक्ताबरोबर आपोआप उतरत नाही. विठाबाईंना तो वडील-चुलत्यांच्या फडात रात्री जागून मिळाला. सोंगाड्या तयार व्हायला आधी दुसऱ्या सोंगाड्यासमोर अनेक हंगाम उभे राहावे लागते, आणि समोर उभे राहायला वग लांबीने मोठा लागतो. अर्ध्या तासाच्या वगात पाठ केलेले बोलणेच निभावते. त्यात उत्तर सुचायला उसंत नसते. आज यात्रेतील छापील जाहिरातींवर फडाच्या नावाखाली वगनाट्याचे शीर्षक अजूनही ठळक अक्षरांत असते. ध्वनिक्षेपक बंद होण्याची वेळ आली की गाण्यांसाठी आलेली मंडळी उठू लागतात, आणि पुढच्या रांगेतली काही माणसे घोंगडी सावरून तशीच बसून राहतात.