दोरीवरचा सदरा

मोबाइल इथंच ठेवा, तिकडे त्याला कोणी विचारत नाही. बूटही काढा. सन 1879, आषाढ लागलाय, आणि येरवड्याच्या माळावर चिखल पोटरीपर्यंत येतो. समोर टोकदार कमानींची दगडी इमारत दिसते ना, ते डेक्कन कॉलेज. वसतिगृहाच्या व्हरांड्यात शिरा. ओली धोतरं, घासलेटच्या दिव्याची काजळी आणि दमट पुस्तकं यांचा मिळून एक वास येतो. नाक लवकर सरावेल.

पंगत बसतेय. पण त्या पँटीत तुम्हाला कोण पाटावर बसू देणार? हा घ्या मुकटा, नेसा कसाबसा. भातावर वरण पडेपर्यंत शेजारी वाद पेटलेलासुद्धा असतो. एक बळवंतराव टिळक. कॉलेजचं पहिलं वर्ष तालमीत आणि पोहण्यात घालवून अंग कमावलेले. दुसरे गोपाळराव आगरकर, कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. दोघांच्या जन्मात जेमतेम 9 दिवसांचं अंतर. आधी घर सुधारायचं की आधी देश सोडवायचा, एवढाच मुद्दा; पण ताक संपतं, पानं उचलली जातात, आचारी दिवा मालवायला येतो, तरी तो संपत नाही. तुम्ही मध्ये बोलायला जाऊ नका. दोघंही तुमच्यावरच उलटतील.

रात्री सगळे झोपले की हळूच उठा. दोरीवर एक सदरा वाळत घातलाय. गोपाळरावांचा हा एकुलता एक. रात्री धुवायचा, सकाळी घालायचा. उन्हाळ्यात ठीक आहे हो, पण या पावसात? हात लावून बघा: पाठ सुकलीय, काखेतल्या शिवणी आणि गळपट्टी अजून ओली. सकाळी हाच अंगात चढवून ते वर्गात जाऊन बसतील. पुढे दम्यानं या माणसाला आयुष्यभर छळलं, हे ठाऊक असल्यामुळे माझा तर हात त्या ओल्या कापडावरून निघत नाही.

याच दिवसांत त्यांनी आईला पत्र लिहिलं. मुलगा मोठी परीक्षा देतोय, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल, अशी तिची आशा. पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार, असं यांनी कळवून टाकलं. शाळेच्या पुस्तकांनी त्या पत्राला अगदी देव्हाऱ्यात बसवलंय. मला मात्र ते टेंभूच्या घरात ऐकणारी माउली दिसते. ती काय म्हणाली असेल, ते कुठल्याच धड्यात नाही.

आता मुंबई. डोंगरीचा तुरुंग, 1882. घाम, ढेकूण, कोंडलेली हवा. ‘केसरी’ या आपल्या पत्रातल्या मजकुरापायी दोघं एकाच कोठडीत आलेत, आणि आपण जणू येरवड्याच्या खोलीतच आहोत अशा थाटात मध्यरात्रीपर्यंत भांडताहेत. आवाज इतका चढतो की पहारेकऱ्याला दटावावं लागतं. 101 दिवस हे असं! शेजारच्या कोठडीत तुम्ही कानांत बोटं घालून पडा.

मग तो वाद खोलीत मावेनासा झाला. एकाच शाळेत शिकवणारे, एकच पत्र चालवणारे हे दोघं वेगळे झाले, आणि टिळकांचा ‘केसरी’ व आगरकरांचा ‘सुधारक’ एकमेकांवर तुटून पडू लागले. पुण्याच्या गल्लीत या, गर्दीत खांद्याला खांदा लावून उभे राहा. आगरकरांच्या पुतळ्याची प्रेतयात्रा निघालीय. शेणाच्या गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत जातोय, लोक बोंबलताहेत. आणि ज्याची यात्रा, तो जिवंत माणूस ती बघतोय! घरात यशोदाबाईंचे देवधर्म, उपासतापास चालू. त्यात हा देव न मानणारा नवरा कधी आडवा आला नाही. सगळ्या पुण्याशी भांडणाऱ्याचं बायकोशी मात्र असं.

मृग लागलेलं, जून 1895. फर्ग्युसनचे प्राचार्य गोपाळराव गेले. 39 सुद्धा पुरी झाली नव्हती. आपल्या दहनाचा खर्च कोणावर पडू नये म्हणून त्यांनी पैशांची पुरचुंडी बांधून ठेवली होती, असं सांगतात.

विंचूरकर वाड्यात चला. ‘केसरी’चा मृत्युलेख व्हायचाय. हा टाक घ्या, आज लेखनिक तुम्ही. बळवंतराव सांगतील तसं उतरवायचं. एरवी अग्रलेख सांगताना त्यांना शब्द शोधावा लागत नाही, पण आज एक वाक्य होतं आणि गळा दाटून येतो. असेच तास गेले, असं म्हणतात. बाहेर वळचणीचं पाणी ठिबकतंय. टाकाच्या टोकाशी शाईचा थेंब जमतोय. तो कागदावर पडू देऊ नका. ते पुन्हा बोलायला लागेपर्यंत तसाच धरून ठेवा.